यंदा रोजे बंद. मग घरातल्या म्हाताऱ्या बाईनं रमजान करायचा कसा?

खणभागची_दादी | १६ फेब्रुवारी २०२५

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

मी सांगलीची. माहेर तासगाव तालुक्यातलं, शाळा मराठी सातवीपर्यंत. कुराण अरबीत पढते, पेपर मराठीत वाचते आणि घरात भांडते ती दखनीत. हे मी टाइप करत नाही, बोलते आणि फोन लिहून घेतो. शब्द वेडेवाकडे उमटले तर सांभाळून घ्या.

शब-ए-बरात झाली, रमजान तोंडावर आलाय. साखरेचं दुखणं माझं जुनं आहे. दिवाळीपासून गोळ्यांच्या जोडीला इन्शुलिनही लागलं. गेल्या रमजानमध्ये असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाला बसले आणि घाम फुटला, हात कापायला लागले. सून लॅबमध्ये नोकरीला आहे, तिनं तिथल्या तिथे सुई टोचून बघितलं तर साखर ५८. तोंडात खजूर कोंबून रोजा सोडवला. त्यात यंदाच्या रिपोर्टात किडनीचंही काही निघालंय. डॉक्टर म्हणाले, आजी, या वर्षी एकही नाही. थोरला, सून, जावई, पुण्याची नात, सगळे डॉक्टरच्या बाजूला. या घरात एवढं एकमत मी प्रथमच बघितलं.

मला फतवा नको आहे. आजाऱ्याला सवलत आहे हे दुसऱ्या सूऱ्यात स्पष्ट लिहिलंय. बरं होण्याची आशा असेल तर नंतर कजा रोजे धरायचे, नसेल तर रोज्यागणिक एका गरिबाला जेवायला घालायचं, म्हणजे फिदिया. ते देणार आहे.

माझी अडचण वेगळीच आहे. रमजान म्हणजे माझ्यासाठी पहाटे साडेतीनला सगळ्यांच्या आधी उठणं. गॅस पेटवायचा, भाकरी थापायच्या, एकेकाला हलवून उठवायचं, ‘पाच मिनिटं राहिली, पाणी पिऊन घ्या’ म्हणून ओरडायचं. लग्न झाल्यापासून हेच. आता सून म्हणते, ‘अम्मी, तुमी झोपून राहा.’ झोपून राहू? रमजानात? आणि दुपारी माझ्याच घरात चहा घ्यायचा तर चोरासारखा घ्यायचा का?

नातू अकरा वर्षांचा. यंदा पहिला रोजा धरणार म्हणून त्यानं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. परवा मला म्हणतो, ‘दादी, तुमे रोजा नै धरते तो मै कायकू धरू?’

धाकट्या मुलाचं वेगळं प्रकरण आहे. तो जमातीत, म्हणजे धर्मप्रचाराच्या फेरीला, जाऊन आल्यापासून फातेहा, ग्यारवी, रजबचे कुंडे, दर्ग्याला जाणं, सगळं त्याला खटकतं. त्याबद्दल नंतर बोलेन, नाहीतर धागा तिकडेच जाईल.

ज्यांच्या घरात आजारी म्हातारी माणसं आहेत (कुठल्याही धर्माची), त्यांनी सांगा. उपास सुटल्यावर तुमच्याकडची मोठी माणसं काय करतात?

---

अजिंक्यताऱ्याखाली | १६ फेब्रुवारी

साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे बागवान, मुलाणी, शिकलगार अशा घरांतल्या आज्या भरपूर येतात आणि निम्म्या तरी ‘डॉक्टर, रोजा धरू नका एवढं सोडून काय पण सांगा’ असंच म्हणतात. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय. इन्शुलिन, किडनी आणि आधी एकदा साखर खाली गेलेली, हे तिन्ही एका माणसात असेल तर जोखीम सर्वांत वरच्या गटातली. त्यावर वाद घालू नका.

धागा इतरही वाचतील, म्हणून सांगतो. मधुमेह असून रोजे धरायचेच असतील तर सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं. शाबानच्या (रमजानच्या आधीच्या महिन्याच्या) शेवटच्या आठवड्यात येऊन ‘गोळी कधी घेऊ’ विचारलं की आमच्याही हातात फार राहत नाही. काही गोळ्यांनी साखर सहसा एकदम पडत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि इन्शुलिनने पडू शकते. डोस आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे अनेक उलेमांनी सांगितलं आहे, तरी लोक घाबरून तपासतच नाहीत. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर तिथेच रोजा सोडायचा. मगरीबला, म्हणजे रोजा सोडायला, अर्धाच तास राहिलाय, एवढं काढतो, असं म्हणायचं नाही.

मार्चमध्ये इकडे रोजा तेरा-साडेतेरा तासांचा होईल. वर ऊन.

---

येरळाकाठ | १६ फेब्रुवारी

दादी, मी तुमच्याच माहेरच्या तालुक्यातला. आमची आई माळकरी. एकादशीला बीपीची गोळी पण घ्यायची नाही, का तर ती ‘धान्यासोबत घ्या’ म्हणून सांगितलेली. शेवटी आमच्या दिंडीच्या विणेकऱ्यांनी तिला झापलं, तवा ऐकली. डॉक्टर पोरगा सांगतोय ते ऐकली न्हाई. मुद्दा काय, सांगणारं माणूस बरोबर पायजे. मशिदीतल्या मौलानांकडून एकदा नातवासमोर बोलून घ्या.

---

सून_मोड | १७ फेब्रुवारी

दादी, राग मानू नका, मी दुसऱ्या बाजूने लिहिते. कराडमध्ये राहते, शाळेत शिकवते, माझ्या सासूबाई तुमच्याच वयाच्या.

त्यांचे रोजे तीन वर्षांपूर्वी बंद झाले. पहिल्या वर्षी त्या हट्टाने सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) उठून सगळं करायच्या. आम्ही रोजेदार बसून खाणार आणि ज्यांचा रोजा नाही त्या आजारी बाई वाढणार. मला घास जायचा नाही. बरं, मी आधी उठले तर त्यांचं तोंड पडायचं. एक अख्खा रमजान आम्ही दोघी पहाटे तीनला कोण आधी उठतंय याची शर्यत लावत होतो. नवरा मात्र दोन्हीकडची भाकरी खाऊन परत झोपायचा!

‘झोपून राहा’ हे तुमच्या सुनेने मायेनं म्हटलं असेल, पण त्यात तिची स्वतःचीही एक इच्छा असू शकते. रमजानचं घर एकदा तरी आपल्या हातानं चालवून बघावं, असं तिला वाटत असेल. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली, तोवर शीरखुर्म्यात दूध किती हे मला कोणी ठरवू दिलं नव्हतं.

---

खाडीकाठ | १७ फेब्रुवारी

आम्ही रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. आमच्या नानीचे रोजे बंद झाल्यावर तिने दुपारची वेळ धरली. जुहरच्या (दुपारच्या) नमाजानंतर रोज एक सिपारा, म्हणजे कुराणाचा तिसावा भाग. तीस सिपारे, तीस दिवस, ईदच्या आत कुराण पुरं. आम्ही पोरं शाळेतून आलो की तिच्याजवळ बसायची सक्ती होती. चहा ती सगळ्यांसमोर प्यायची, बिस्किट बुडवून. तिला कधी कोणी काही बोललं नाही. बोलायची हिंमत कोणाची होती!

---

रोखठोक | १७ फेब्रुवारी

एक साधा प्रश्न. शरीर नको म्हणतंय, डॉक्टर नको म्हणतोय, तुमचा ग्रंथही सूट देतो म्हणता. तरी अपराधी वाटतं. ही अपराधीपणाची भावना कोणी पेरली, यावर धागा काढायला हवा होता. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्याला पन्नास वर्षं उलटून गेली आणि आपण अजून सुई टोचल्याने रोजा तुटतो का यावर चर्चा करतोय. अकरा वर्षांच्या पोराने उन्हात उपाशी राहण्यात काय कौतुक?

---

खणभागची_दादी | १८ फेब्रुवारी

येरळाकाठ, सल्ला पटला. मौलाना माझ्या भाच्याच्या वयाचे आहेत, पण नातू त्यांना मानतो.

सून_मोड, तुमचं लिहिणं वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि जरा वेळ नुसती बसले. मग सुनेला विचारलं, ‘तुला सहरी करायची आहे का?’ ती म्हणाली, ‘अम्मी, मला फ्रिजमध्ये आदल्या रात्रीचं ठेवून सकाळी फक्त गरम करायचं आहे. तुम्ही असताना ते जमत नाही.’ म्हणजे मामला भाकरीचा निघाला. माझ्या राज्यात सहरीला शिळं चालत नव्हतं. आता चालेल.

रोखठोक, दलवाईंचं नाव आमच्या घरात माहीत आहे. माझे मालक त्यांचे लेख वाचायचे आणि पाच वक्त नमाजही पढायचे. त्यांना दोन्ही जमत होतं. अपराधी वाटत नाही हो मला. करमणार नाही, याची काळजी आहे. गिरणी बंद पडलेल्या कामगाराला सकाळचा भोंगा ऐकून जे होत असेल, ते मला सहरीच्या हाकेला होणार आहे. तिथे अल्लाहनं माफ केलंय का नाही, हा प्रश्नच येत नाही. राहिला नातू. त्याला कोणी सक्ती केलेली नाही. वयात येईपर्यंत रोजा फर्जच नाही. तोच मागे लागलाय, कारण मामेभावाच्या रोजाकुशाईला, म्हणजे पहिल्या रोज्याच्या कौतुकाला, त्याला नवा शर्ट आणि घड्याळ मिळालेलं दिसलं.

आता धाकट्याचं. आमच्याकडे शब-ए-बरातला हलवा करून मालकांच्या, सासू-सासऱ्यांच्या नावानं फातेहा देतात. लोबान घालायचा, दुवा मागायची, मग शेजारीपाजारी वाटायचं. यंदा धाकटा ताटापाशी आलाच नाही. ‘अम्मी, ये सब बिदत है, धर्मात मागाहून घुसडलेलं. कुराणात दाखव कुठे लिहिलंय.’ मी म्हटलं, ‘मोटारसायकलवरून मशिदीत जायचं कुठे लिहिलंय?’ तो हसला, पण हलवा खाल्ला नाही. मुलगा वाईट नाही. जमातीत गेल्यापासून तंबाखू सुटली, फजरला उठतो, बायकोशी आवाज चढवून बोलत नाही. हे सगळं चांगलंच झालं. फक्त ज्या गोष्टींनी मी त्याला वाढवलं त्या त्याला आता चुकीच्या वाटतात. बापाच्या नावाच्या हलव्याला तो हात लावत नाही, हे मला सहन होत नाही. कोणाच्या घरात असं आहे?

---

तरफेची_तार | १९ फेब्रुवारी

दादी, आमच्या घरात आहे. आम्ही मिरजेचे, तंतुवाद्यांच्या धंद्यातले. पूर्वजांचं काम हत्यारांना धार लावायचं, पुढे हात सतारीकडे वळले. आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. आणि घरातला एक चुलतभाऊ म्हणतो संगीत हराम! दिवसभर तारा जुळवतो आणि असं म्हणतो. आजोबा म्हणायचे, मग सतारीच्या भोपळ्याची भाजी करून खा.

ख्वाजा शमना मीरांचा दर्गा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. उरुसात पहिला मानाचा गलेफ (कबरीवर घालायची चादर) चर्मकार समाजाचा, ही चाल किती पिढ्यांची आहे कोण जाणे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर दर्ग्याच्याच आवारात आहे आणि त्यांच्या नावाने तिथे दरवर्षी गाणं होतं. ऐकायला येणाऱ्यांत कोण कोण असतं ते बघावं. हे सगळं ‘बिदत’ म्हणून पुसून टाकायचं म्हणजे मिरजेत राहणार काय, रेल्वे जंक्शन आणि दवाखाने?

---

सरळ_वाट | १९ फेब्रुवारी

मी दादींच्या धाकट्या मुलाच्या बाजूचा माणूस. इथे एकटाच दिसतोय, तरी लिहितो.

आम्हाला वडीलधाऱ्यांचा अपमान करायचा नसतो. आमचं म्हणणं एवढंच, की मागायचं ते अल्लाहकडे मागायचं, मधे कोणी नको. गेलेल्या माणसासाठी दुवा करा, त्याच्या नावाने गरिबाला जेवण द्या, विहीर खोदा, पोराची फी भरा. पण ठराविक तारखेला, ठराविक पदार्थावर, अगरबत्ती लावूनच ते पोहोचतं, असं मानायला आधार नाही. माझ्या लहानपणी कुंड्यांच्या दिवशी आईने कर्ज काढून पुऱ्या-खीर केलेली आहे, लोक काय म्हणतील म्हणून. हे मी डोळ्यांनी बघितलंय. दर्ग्यात बाईला नवस बोलायला लावून पैसे काढणारेही बघितलेत. ते बघून जो मुलगा ‘बास’ म्हणतो, त्याला आईवर प्रेम नाही असं समजू नका.

आणि तरफेची_तार, अब्दुल करीम खाँसाहेब मीही ऐकतो. गुपचूप.

---

तरफेची_तार | १९ फेब्रुवारी

शेवटच्या ओळीसाठी तुम्हाला सगळं माफ.

---

खणभागची_दादी | २० फेब्रुवारी

सरळ_वाट, बेटा, कर्ज काढून पुऱ्या हे चूकच. माझ्या सासूबाईंनीही ते केलंय आणि आम्ही सुनांनी नंतर बंद पाडलं. तुमचं हे पत्र मी धाकट्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘यही तो मैं बोलतौं.’ मी म्हटलं, ‘तू असं नाही बोलत. तू नुसतं बिदत म्हणतोस आणि उठून जातोस.’ त्यावर गप्प.

त्याच्याशी एक सौदा केला. फिदियाचं काम त्यानं करायचं. त्यात तर त्याला आक्षेप नाही ना? कुराणातलं आहे. गल्लीच्या टोकाला एक बाई राहते, एकटी, आगेमागे कोणी नाही. माझ्याहून वयानं मोठी, आणि गंमत बघा, ती सगळे रोजे धरते! तब्येत काटक. म्हणजे रोजे तिचे, फिदिया माझा. एका रोज्याचा फिदिया म्हणजे दोन वेळचं जेवण किंवा फितऱ्याएवढं (ईदच्या दानाएवढं), साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. आकडा मशिदीतून दरवर्षी सांगतात. मी पैसे देणार नाही. तिला रोज इफ्तारचं आणि सहरीचं जेवण जाणार, धाकटा पोचवणार. करणार मी. दुपारी, निवांत, बसून. सुनेच्या पहाटेच्या राज्यात पाय टाकायचा नाही.

डॉक्टर, यात दगदग किती हे विचारू नका. भाजी आणि चार भाकरी आहेत.

---

अधिक_महिना | ९ मार्च

वाचत होतो, आज राहवलं नाही. पंचांगाचा छंद आहे म्हणून थोडं अवांतर.

कॅलेंडर बघितलं का? पाडवा ३० मार्चला आहे. त्याच संध्याकाळी चंद्र दिसला तर ईद ३१ ला. म्हणजे सकाळी गुढी आणि संध्याकाळी चाँदरात. हा योगायोग नाही, हिशोब आहे. दोन्ही महिने चंद्राचे. आपली शुद्ध प्रतिपदा अमावास्येला लागून धरतात, तर तिकडे कोर प्रत्यक्ष दिसावी लागते, म्हणून एक-दोन दिवसांचा फरक. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यात भरपाई नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपण अधिक महिना घालून ऋतू धरून ठेवतो. २०२१, २०२२, २०२३ अशी तिन्ही वर्षं ईद अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आली. २०२३ मध्ये पुढे अधिक श्रावण पडला आणि त्यानंतर ईद पाडव्याजवळ आली. २०२४ ला पाडवा ९ एप्रिल, ईद ११. आता यंदा. २०२६ ला पाडवा १९ मार्चला आहे, ईद त्याच्या मागोमाग. पुढे ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे २०२७ ला ईद फाल्गुनात जाईल आणि ही जोडी फुटेल.

याच हिशोबाने बकरी ईद, जी दहावीला असते, ती कायम कुठल्या ना कुठल्या एकादशीच्या जवळ येते. २०२३ ला थेट आषाढीलाच आली होती, २९ जूनला, आणि बऱ्याच गावांत मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवसावर नेली होती. यंदा मोहरमची दहावी आषाढीच्या दिवशी, ६ जुलैला येईल असं दिसतंय.

आणि रोजेदारांसाठी: २०३० मध्ये एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान सुरू होतील, एक जानेवारीत, दुसरा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. थंडीचे रोजे, दिवस लहान.

---

येरळाकाठ | ९ मार्च

२०३० पर्यंत साखर कंट्रोलमध्ये ठेवा दादी. डिसेंबरचा रोजा धरायचा.

---

खणभागची_दादी | १६ मार्च

निम्मा रमजान सरला. खबर देते.

नातवाचा पहिला रोजा झाला. रविवारचा धरला, शाळा नको म्हणून. मौलानांनी त्याला आधीच समजावलं होतं, की तुझी दादी रोजा धरत नाही तेही अल्लाहचंच ऐकून, आणि आजारी माणसानं हट्टानं जीव धोक्यात घालणं हे काही जास्तीचं पुण्य नाही. त्यानं मान डोलावली. दुपारी दोनपर्यंत वाघ होता. तीनला माझ्या मांडीवर आडवा. चारला विचारतो, ‘दादी, तुमे चा पीने का टाइम नै हुवा क्या?’ मी म्हटलं झालाय. म्हणे, ‘मग पी की, मी बघतो.’ माझा चहा बघत बसला! हॉलमध्येच प्यायला मी, सगळ्यांसमोर. पहिले दोन-तीन दिवस ओट्याकडे तोंड करून पीत होते. पण ह्याच्यासमोर लपवायचं म्हणजे मौलानांनी सांगितलेलं खोटं पाडायचं. संध्याकाळी थोरल्यानं गाड्यावरून सगळ्यात चांगलं कलिंगड आणलं (आम्ही बागवान, फळाचं दुकान घरचं, पण चांगलं फळ घरात येतं ते सणालाच), गळ्यात फुलांचा हार, नवा शर्ट, आणि घड्याळसुद्धा. शेजारच्या काकूंनी त्याला शंभराची नोट आणि साबुदाण्याची खिचडी दिली. म्हणाल्या, उपासाला आम्हाला हेच येतं. त्यानं खजुरानंतर पहिली तीच खाल्ली.

सहरीला मी उठते. हे सुटलं नाही आणि सुटणार नाही. पण स्वयंपाकघरात जात नाही. तहज्जुद, म्हणजे रात्रीची जादा नमाज, पढते, खुर्चीवर बसून, गुडघ्यांमुळे. मग फोन घेऊन बसते. आमच्या गल्लीत पूर्वी डफ वाजवत फकीर यायचे उठवायला, नाव घेऊन हाक मारायचे. ते आता कोणी येत नाही. मुलं-मुली पुण्यात, बेंगळुरूत एकेकटी राहतात, गजर बंद करून झोपतात. नातीला फोन करत होते, तिनं तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा नंबर दिला, तिनं तिच्या भावाचा. आता माझ्याकडे यादी झाली आहे. एक पोरगं तर मी कधी बघितलेलं नाही. उचलून म्हणतो, ‘उठलो दादी,’ आणि परत झोपतो. त्याला दोनदा करावा लागतो.

सुनेची सहरी चांगली चालली आहे. रात्रीची भाजी गरम करून, दही, केळी, उकडलेली अंडी. कोणी उपाशी राहिलेलं नाही. भाकरी तेवढी चामट होते. मी बोललेले नाही, इथेच काय ते बोलले.

धाकटा डबा पोचवतो. पहिल्या आठवड्यात दारात ठेवून यायचा. आता तिथे बसतो, त्या बाईचं रेशनकार्डाचं काहीतरी अडलेलं आहे त्यामागे लागलाय. तिच्या भिंतीवर दर्ग्याचा फोटो आहे, त्यावर रोज लोबान असतो. त्यानं घरी येऊन तिच्याबद्दल एक शब्द वाईट बोललेला नाही. मी पण विचारलेलं नाही.

---

सून_मोड | १६ मार्च

चामट भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगा. किंवा नका सांगू. आमच्या सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मी दोन दिवस फुगून होते.

---

रोखठोक | १७ मार्च

पोराला चहा दाखवत बसवण्याचा प्रकार मला अजूनही पटत नाही. पण फोनची यादी आवडली. माझी आई असती तर तिला असलं काम दिलं असतं. ती नास्तिक होती, पण पहाटे साडेतीनला जागीच असायची.

---

खाडीकाठ | १ एप्रिल

ईद मुबारक सगळ्यांना! पाडवापण मुबारक! दादी, शुगरवाल्यांसाठी शीरखुर्मा असतो का? अब्बांना वाटीकडे नुसतं बघत बसावं लागलं.

---

खणभागची_दादी | २ एप्रिल

ईद मुबारक, आणि सगळ्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा. अधिक_महिना, तुमचा हिशोब खरा झाला. काकूंची गुढी संध्याकाळी उतरवली तेव्हा आमची पोरं चंद्र बघायला त्याच गच्चीवर होती.

शीरखुर्मा यंदा सुनेनं केला, मला शेजारी बसवून. शुगरवाल्यांचा वेगळा नसतो, तोच साखर घालायच्या आधी बाजूला काढायचा. खारीक आदल्या रात्री भिजवून पातळ चिरायची. दूध मंद आचेवर आटवायचं, त्यात खारीक आधी टाकायची म्हणजे गोडवा दुधात उतरतो. चारोळी, बदाम, पिस्ते तुपावर परतून. हातशेवया अगदी मूठभर, तुपावर लालसर भाजून शेवटी. तयार शेवया घेतल्या तर लगदा होतो, माझ्या मते तरी. इथे अर्धी वाटी काढून घ्यायची आणि मग बाकीच्यांची साखर.

---

अजिंक्यताऱ्याखाली | २ एप्रिल

खारकेतही साखर असते, दादी. अर्धी म्हणजे लहान वाटीची अर्धी. खाडीकाठ, अब्बांना हे वाचून दाखवा.

---

तरफेची_तार | ३ एप्रिल

मोहरमचं काय? कडेगावला कोण जातंय? ताबूतांच्या भेटी नातवाला दाखवल्यात का कधी? मान वर करून करून मोडते. हिंदूंचे, मुसलमानांचे, सगळे ताबूत एकमेकांना भेटतात. यंदा आषाढी त्याच दिवशी म्हणजे रस्त्याला वारकरीही असणार.

---

खणभागची_दादी | ३ एप्रिल

दाखवायचे आहेत. नातू तयार आहे, थोरला गाडी काढतो म्हणालाय, शेजारच्या काकू आषाढीचा उपास धरून येणार आहेत. धाकट्याला विचारलं, तो म्हणाला, ‘मी येणार नाही, पण मोहरमची नववी-दहावी मी रोजा धरतो, तुम्ही यायच्या आधी डबा मी पोचवीन.’ रमजान संपला तरी त्या बाईचा डबा बंद केलेला नाही, हे लिहायचं राहिलं होतं.

त्या दिवशी मोहरमचे गोड चोंगे करणार आहे. त्याच्यासाठी वेगळे ठेवीन, फातेहाच्या आधी काढून. तरफेची_तार, तुम्ही मिरजेहून येणार असाल तर आधी कळवा, गव्हाचं पीठ त्या हिशोबानं भिजवते.